फ्रान्झ कोलाउफ 'ई-बोट'वर होता का? फलक छापायच्या आधी तपासून हवाय

मांजरा_काठ (लातूर):

नमस्कार मंडळी. वाचनालयात दुसऱ्या महायुद्धातल्या सागरी लढायांवर आठ फलकांचं छोटं प्रदर्शन लावायचं आहे. बघणारे बहुतेक नववी ते बारावीचे विद्यार्थी. एक फलक जर्मन टॉर्पेडो बोटींच्या एका अधिकाऱ्यावर आहे, फ्रान्झ कोलाउफ. मजकूर दोन-तीन ठिकाणांहून गोळा केला, आणि आता तो एकमेकांशी जुळेना. सध्या फलकावर असं लिहिलंय:

"कमांडर कोलाउफ 35 मीटर लांबीच्या वेगवान ई-बोटचा कप्तान होता. 23 ऑक्टोबर 1943 रोजी त्याने आपल्या बोटीतून टॉर्पेडो सोडून ब्रिटिश क्रूझर 'कॅरिब्डिस' आणि विनाशिका 'लिम्बोर्न' बुडवल्या. 28 एप्रिल 1944 रोजी स्लॅप्टनजवळ अमेरिकन जहाजं बुडवली. 26 एप्रिल 1944 रोजी तो मारला गेला."

शेवटच्या दोन तारखांचा घोळ माझ्याही लक्षात आला आहे, म्हणूनच इथे विचारतोय. त्याची बोट नेमकी कोणती, हुद्दा मराठीत काय लिहावा, आणि एवढ्याशा बोटींनी क्रूझर कशी काय बुडवली, एवढं सांगा. शेवटचा प्रश्न पोरं हमखास विचारणार.

गोदाकाठ_नांदेड:

दादा, हा फलक आहे तसा छापू नका. पहिल्या तिन्ही वाक्यांत चूक आहे, आणि तिन्ही चुकांचं मूळ एकच. मराठीत आपण सगळ्याला 'टॉर्पेडो बोट' म्हणतो, जर्मन नौदलात मात्र त्या दोन निराळ्या जाती होत्या.

पहिली जात 'श्नेलबोट', म्हणजे वेगवान बोट. इंग्रज हिलाच ई-बोट म्हणत. लांबी सुमारे 35 मीटर, धातूच्या हलक्या सांगाड्यावर लाकडी फळ्या, डाइम्लर-बेंझची तीन डिझेल इंजिनं, टॉर्पेडोच्या (पाण्याखालून धावणाऱ्या स्फोटक अस्त्राच्या) दोन नळ्या आणि डेकवर दोन जादा टॉर्पेडो. माणसं 25 ते 30. वेग सुधारित इंजिनांवर 40 नॉटच्या वर, म्हणजे ताशी 75 किलोमीटर. पेट्रोलऐवजी डिझेल ही त्यांची मोठी जमेची बाजू, कारण गोळी लागली तरी बोट ब्रिटिशांच्या पेट्रोलवाल्या बोटींसारखी भडकत नसे.

दुसरी जात 'टॉर्पेडोबोट'. नावात बोट, पण प्रत्यक्षात लहान विनाशिकाच. आधीच्या पिढीतल्या बाराची नावं शिकारी पक्षी आणि श्वापदांवरून ठेवलेली: म्योवे, फाल्के, कोंडोर, यागुआर, इल्टिस वगैरे. नंतरच्यांना नुसते आकडे मिळाले, टी-1, टी-2 असे. कोलाउफच्या हाताखाली होत्या त्या 1939 च्या आराखड्याच्या, टी-22 ते टी-36 या मालिकेतल्या. लांबी 102 मीटर, पूर्ण भारासह 1,750 टन, 105 मिलिमीटरच्या चार तोफा, टॉर्पेडोच्या तीन-तीन नळ्यांचे दोन संच, दोनशेच्या वर माणसं, वेग साधारण 33 नॉट. वाफेच्या टर्बाइनवर चालत आणि बॉयलरचा दाब हवेच्या दाबाच्या 70 पट. ब्रिटिश लोक त्यांना 'एल्बिंग वर्गाच्या विनाशिका' म्हणत, आणि माझ्या मते तेच नाव जास्त खरं.

लातूरच्या पोरांना रेल्वेच्या डब्याची लांबी वेगळी सांगायला नको. श्नेलबोट म्हणजे दीड डबा, कोलाउफची टॉर्पेडोबोट म्हणजे सव्वाचार डब्यांहून थोडी जास्त. फलकावर दोन्ही आकृत्या एका मापात शेजारी-शेजारी काढल्या तर पुढचा निम्मा घोळ आपोआप मिटतो.

हुद्द्याबद्दल. कोलाउफ 'कोर्वेटनकापिटेन' होता. आपल्या नौदलात त्याला समकक्ष लेफ्टनंट कमांडर. जर्मन 'कोमांडांट' हे पद आहे, जहाजावरचा प्रमुख, हुद्दा नव्हे. कोलाउफचं पद त्याच्याही वरचं होतं, चौथ्या टॉर्पेडोबोट फ्लोटिलाचा, म्हणजे तुकडीचा, प्रमुख. तो एका जहाजावर बसून सगळ्या तुकडीला हुकूम द्यायचा, आणि त्या जहाजाचा कमांडर निराळाच असायचा. ऑक्टोबरमधल्या रात्री तो टी-23 वर होता आणि टी-23 चा कमांडर होता फ्रीडरिश-कार्ल पाउल. त्यामुळे "आपल्या बोटीतून टॉर्पेडो सोडून" हे वाक्य काढाच.

किल्ले_धारूर:

वरचं सगळं बरोबर. त्या रात्रीचं मी सांगतो, कारण "एवढ्याशा बोटींनी" या शब्दातच गफलत आहे.

'म्युन्स्टरलांट' नावाचं जर्मन मालवाहू जहाज रबराचा चीक आणि दुर्मीळ धातू घेऊन ब्रेस्टहून इंग्लिश खाडीतून पूर्वेला निघालेलं. त्याच्याजवळ सुरुंग काढणारी आणि गस्तीची जहाजं. शिवाय लांबून राखण करायला कोलाउफच्या पाच टॉर्पेडोबोटी: टी-23, टी-26, टी-27, टी-22, टी-25. प्रत्येकी सहा नळ्या, म्हणजे एकूण तीस टॉर्पेडो. हे एवढंसं नाही.

समोरून प्लिमथहून ब्रिटिश तुकडी आली. कॅरिब्डिस ही हलकी क्रूझर, ग्रेनव्हिल आणि रॉकेट या मोठ्या विनाशिका, आणि लिम्बोर्न, वेन्स्लीडेल, टॅलीबाँट, स्टीव्हनस्टोन या हंट वर्गाच्या लहान विनाशिका. सात जहाजं. तोफांचा हिशेब मांडला तर पारडं सरळ ब्रिटिशांकडे.

हरले ते तोफांमुळे नव्हे, तयारीमुळे. ही सातही जहाजं एकत्र कधी सराव न केलेली, हाताशी होती ती गोळा करून पाठवलेली. कॅरिब्डिस मुळात विमानविरोधी कामाची, रात्रीच्या जवळच्या झटापटीची नव्हे. त्यात ही मोहीम एका ठरीव साच्याची होती, किनाऱ्यालगत ठरलेल्या रेषेवरून ठरलेल्या वेगाने झाडू मारल्यासारखं जायचं. फ्रान्सच्या किनाऱ्यावर जर्मन रडार बसलेली, त्यांना हा साचा पाठ झालेला. रोज एकाच वेळी एकाच वाटेने जाणाऱ्याला गाठायला फार हुशारी लागत नाही.

लिम्बोर्नवर जर्मन बोटींचं आपसातलं रेडिओ बोलणं ऐकू येत होतं, पण त्याचा अर्थ लावून तो कॅरिब्डिसवर वेळेत पोहोचला नाही. कॅरिब्डिसच्या रडारवर सुमारे सात सागरी मैलांवर, म्हणजे 13 किलोमीटरवर खूण उमटली. पण जर्मनांना किनाऱ्याकडून आधीच सूचना मिळालेली. शिवाय त्यांच्या बाजूला, दक्षिणेला, अंधार दाट आणि ब्रिटिशांच्या मागे उत्तरेचं क्षितिज तुलनेनं उजळ. टी-23 वरून क्रूझरची काळी आकृती नुसत्या डोळ्यांना दिसली. कोलाउफने तोफ डागू दिली नाही. बोटी वळल्या, टॉर्पेडो सुटले आणि त्या निघूनही गेल्या. कॅरिब्डिसने प्रकाशगोळे उडवले तेव्हा टॉर्पेडो पाण्यात होते.

तिला दोन टॉर्पेडो लागले. नोंदींत ते टी-23 आणि टी-27 यांच्या नावावर आहेत. लिम्बोर्नचा पुढचा भाग टी-22 च्या टॉर्पेडोने उडाला. ती लगेच बुडाली नाही, ओढून नेणं जमेना म्हणून शेवटी रॉकेटने तिला बुडवलं. म्हणून फलकावर "लिम्बोर्न निकामी, नंतर ब्रिटिशांनीच बुडवली" असं हवं. कॅरिब्डिसवर 460 हून जास्त माणसं गेली, लिम्बोर्नवर 42. जर्मन बाजूला एकाही बोटीला ओरखडा नाही.

कॅरिब्डिसचा कप्तान व्होल्कर जहाजाबरोबर गेला. नंतर कित्येक मृतदेह वाहत खाडीतल्या बेटांवर आले. जर्मनांच्या ताब्यातल्या गर्न्झीवर नोव्हेंबरमध्ये दफन झालं, तेव्हा सुमारे पाच हजार बेटवासी जमले. फलकावर जागा असेल तर ही ओळ घ्याच, नाहीतर पोरांना सगळा नुसता गुणतक्ता वाटेल.

शून्य_अंश:

टॉर्पेडो सोडण्यामागचं गणित कुणी सांगितलं नाही. दहावीच्या त्रिकोणमितीत बसतं, फलकावर छान दिसेल.

टॉर्पेडो जहाजाकडे नाही, जहाज पुढे जिथे असेल तिथे सोडायचा असतो. दृष्टिरेषेच्या किती पुढे, तो कोन असा काढतात: त्या कोनाची 'ज्या' (साइन) = लक्ष्याचा वेग भागिले टॉर्पेडोचा वेग, गुणिले लक्ष्याच्या दिशाकोनाची ज्या. दिशाकोन म्हणजे लक्ष्याचं नाक आपल्या दृष्टिरेषेशी करतं तो कोन. लक्ष्य अगदी आडवं जात असेल तर तो 90 अंश, आणि ज्या 1.

जर्मन जी-7-ए टॉर्पेडो सात मीटरच्या थोडा वर लांब, वजन दीड टन, पुढे 280 किलो स्फोटक. तीन वेग लावता येत: 44 नॉटला पल्ला पाच-सहा किलोमीटर, 40 नॉटला साडेसात-आठ, 30 नॉटला बारा-चौदा. समजा लक्ष्य 20 नॉटने आडवं चाललंय. 40 नॉटच्या टॉर्पेडोला 20 भागिले 40, म्हणजे अर्धा, म्हणजे बरोबर 30 अंश पुढे नेम. 44 नॉटला 27 अंश. 30 नॉटला तब्बल 42 अंश. टॉर्पेडो जितका हळू, तितका नेम लांब आणि चूक मोठी.

आता चूक किती महाग पडते ते. 40 नॉट म्हणजे सेकंदाला 20.6 मीटर. टॉर्पेडोला 2,000 मीटर धावायचं असेल तर 97 सेकंद. तेवढ्यात 20 नॉटचं जहाज एक किलोमीटर सरकतं. त्याचा वेग आपण फक्त 2 नॉटने चुकीचा धरला, तर टॉर्पेडो पोहोचेल तेव्हा जहाज अपेक्षित जागेपासून 100 मीटर बाजूला. कॅरिब्डिसची लांबी 156 मीटर. मध्यावर नेम धरला असेल तर दोन्ही बाजूंना फक्त 78 मीटरची सवलत, म्हणजे टॉर्पेडो वाया. हीच चूक 1,000 मीटरवरून केली तर फरक 50 मीटर, आणि टॉर्पेडो लागतो.

म्हणूनच एकाऐवजी तीन टॉर्पेडो पंख्यासारखे सोडायचे. दोघांत 3 अंशांचं अंतर ठेवलं तर 2,000 मीटरवर ते एकमेकांपासून 105 मीटर पडतात, जहाजाच्या लांबीपेक्षा कमी. जाळीतून जहाज निसटत नाही, आणि वेगाच्या अंदाजात साडेतीन नॉटची चूकही पचते. 4,000 मीटरवर तेच अंतर 210 मीटर होतं आणि दोन टॉर्पेडोंच्या मधून अख्खी क्रूझर सहीसलामत जाऊ शकते. त्यामुळे जवळ जाऊन न दिसता सोडणं हा शौर्याचा भाग कमी, भूमितीचा जास्त.

आणि हे सगळं लक्ष्य सरळ जातंय या गृहीतकावर. शत्रूने पाहिलं आणि तीस अंश वळला की वरची सगळी आकडेमोड पाण्यात. कोलाउफने तोफा गप्प ठेवल्या त्या यासाठी.

मांजरा_काठ (लातूर):

फारच कामाचं, आभार. हे गणित फलकावर घेतोच. पण मग एप्रिलमध्ये उलटं कसं झालं? माणूस तोच, बोटी त्याच जातीच्या. आणि स्लॅप्टनचं काय करू?

गोदाकाठ_नांदेड:

स्लॅप्टन सरळ काढून टाका. 28 एप्रिलच्या पहाटे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याच्या लाइम उपसागरात अमेरिकन सराव काफिल्यावर हल्ला केला तो शेरबुर्गहून निघालेल्या नऊ श्नेलबोटींनी, पाचव्या आणि नवव्या श्नेलबोट फ्लोटिलांच्या. एलएसटी-507 आणि एलएसटी-531 (रणगाडे किनाऱ्यावर उतरवणारी जहाजं) बुडाल्या, एलएसटी-289 मोडली, 700 हून जास्त अमेरिकन गेले. तिथे खऱ्या अर्थाने 'ई-बोट' होत्या. कोलाउफ त्याच्या दोन दिवस आधीच गेलेला. एकाच आठवड्यात एकाच खाडीत 26, 28 आणि 29 एप्रिल अशा तीन लढती झाल्या आणि तिन्हींत 'जर्मन टॉर्पेडो बोट' हा शब्द येतो. तुमचा मजकूर तिथेच एकमेकांत मिसळलाय.

किल्ले_धारूर:

एप्रिलचं उत्तर: माणूस तोच होता, समोरचे बदलले होते. ऑक्टोबरच्या माराने ब्रिटिश शहाणे झाले. मिळेल ते जहाज पाठवणं थांबवून प्लिमथला दहावी विनाशिका फ्लोटिला कायमची उभी केली. ट्रायबल वर्गाची मोठी जहाजं, त्यांत कॅनडाचीही, आणि ती एकत्र सराव करून बाहेर पडू लागली.

25-26 एप्रिलच्या रात्री कोलाउफ टी-29 वर होता. सोबत टी-24 आणि टी-27, म्हणजे आता पाचाऐवजी तीन. मधल्या डिसेंबरात टी-25 आणि टी-26 बिस्केच्या उपसागरात ग्लासगो आणि एंटरप्राइझ या क्रूझरांनी बुडवलेल्या. समोर क्रूझर ब्लॅक प्रिन्स आणि अशांती, अथाबास्कन, हैडा, ह्युरॉन या चार विनाशिका.

या वेळी क्रूझर पुढे घुसली नाही. मागे राहून प्रकाशगोळे उडवत राहिली आणि विनाशिका पाठलागावर. अंधाराची ढाल गेली की उरतो तोफांचा हिशेब. टी-29 चा गोळा 15 किलोचा, ट्रायबलच्या 120 मिलिमीटर तोफेचा जवळपास 23 किलोचा, ब्लॅक प्रिन्सचा 36 किलोचा. वेगातही ट्रायबल 36 नॉटच्या, त्यामुळे पळून सुटका नाही. आणि पळताना मागे सोडलेल्या टॉर्पेडोला दिसतं ते पाठलाग करणाऱ्या जहाजाचं नाक, 115 मीटर लांबीऐवजी 11 मीटर रुंदी. शून्य_अंश यांच्या सूत्रात घालून बघा.

टी-29 ला टॉर्पेडो लागून ती गेली. कोलाउफ तिच्यावरच मारला गेला. टी-24 आणि टी-27 फ्रान्सच्या किनाऱ्यावर मोर्लेच्या बाजूला निसटल्या.

शून्य_अंश:

धारूरकर, एक दुरुस्ती. टी-29 टॉर्पेडोने नाही, तोफांनी बुडाली. टॉर्पेडो लागला तो 29 तारखेच्या लढतीत, आणि तो अथाबास्कनला.

किल्ले_धारूर:

बरोबर, लिहिताना दोन रात्री एकत्र झाल्या. तोफांनीच. गोळे लागून तिचा वेग पडला आणि मग चौघींनी तिला घेरलं.

29 एप्रिलला त्याच दोन उरलेल्या बोटी ब्रेस्टकडे निघाल्या तेव्हा हैडा आणि अथाबास्कनने गाठलं. टी-24 च्या टॉर्पेडोने अथाबास्कन बुडाली, 128 माणसं गेली. हैडाने टी-27 ला किनाऱ्यावर चढायला लावून पेटवलं. ही लढत कोलाउफच्या नावावर टाकू नका, फ्लोटिला त्याची असली तरी तो नव्हता.

गोदाकाठ_नांदेड:

शेजारी दुसऱ्या एकाचं नाव द्यायचं असेल तर हाइनरिश होफमान घ्या, पाचव्या टॉर्पेडोबोट फ्लोटिलाचा प्रमुख. 6 जून 1944 ला पहाटे ल हाव्हरहून टी-28, म्योवे आणि यागुआर एवढ्या तीनच घेऊन तो निघाला. विमानांनी पसरलेल्या धुराच्या पडद्यातून बाहेर पडला तर समोर नॉर्मंडीत सैन्य उतरवायला आलेलं मित्रराष्ट्रांचं आरमार. पंधराच्या वर टॉर्पेडो सोडले, त्यातले काही वॉरस्पाइट आणि रॅमिलीझ या युद्धनौकांच्या मधून निघून गेले, एक नॉर्वेच्या 'स्वेनर' विनाशिकेला लागला आणि ती दोन तुकडे होऊन बुडाली. तिन्ही बोटी परत. आठ-दहा दिवसांत ल हाव्हर बंदरावर बॉम्बफेक झाली, यागुआर आणि म्योवे धक्क्याजवळच गेल्या, टी-28 तेवढी वाचली. बंदरात बसलेल्या जहाजाला रात्रही नसते आणि वेगही नसतो.

कोलाउफचा मजकूर असा करता येईल:

"कोर्वेटनकापिटेन फ्रान्झ कोलाउफ हा चौथ्या टॉर्पेडोबोट फ्लोटिलाचा प्रमुख. 23 ऑक्टोबर 1943 च्या पहाटे फ्रान्सच्या किनाऱ्यालगतच्या सेत-ईल बेटांजवळ टी-23 वरून त्याने पाच टॉर्पेडोबोटींचं नेतृत्व केलं. ब्रिटिश क्रूझर कॅरिब्डिस बुडाली, विनाशिका लिम्बोर्न निकामी झाली आणि नंतर ब्रिटिशांनी ती बुडवली. या लढतीनंतर त्याला नाइट्स क्रॉस मिळाला. 26 एप्रिल 1944 ला टी-29 ब्रिटिश व कॅनडियन विनाशिकांच्या तोफांनी बुडाली, त्यात तो मारला गेला."

नाइट्स क्रॉस लिहाल तर ते नाझी राजवटीचं पदक होतं हेही तळटीपेत हवं. शाळेतली पोरं आहेत, अंगावर लटकवायची वस्तू समजून बसतील.

मांजरा_काठ (लातूर):

हाच मजकूर छापतो. म्युन्स्टरलांट पोहोचली का शेवटी? आणि टी-23 चं पुढे काय झालं, एका ओळीत?

किल्ले_धारूर:

म्युन्स्टरलांट त्या रात्री वाचली. जानेवारी 1944 मध्ये डोव्हरच्या अरुंद भागातून पुढे जाताना इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या तोफांनी तिला संपवलं. टी-23 युद्धातून वाचली, नंतर फ्रान्सकडे गेली आणि 'लाल्झासियँ' या नावाने फ्रेंच नौदलात होती.

गोदाकाठ_नांदेड:

नकाशा लावणार असाल तर एक बघा. या बोटी जिथे बांधल्या ते एल्बिंग आजच्या जर्मनीच्या नकाशात सापडणार नाही. आता ते पोलंडमध्ये आहे, नाव एल्ब्लाँग.